सिल्लोडच्या मोटरसायकलीचा पंचनामा

आमच्या घरमालकांना औरंगपुऱ्यातली आमची सगळी गल्ली पेशकारकाका म्हणायची. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, कोर्टात चिकटले, आणि जरा कुठं बस्तान बसतंय तोच पोलीस ॲक्शन झाली. राज्य बदललं, कागदांची भाषा बदलली, काकांची खुर्ची मात्र तीच राहिली. पेशकार म्हणजे न्यायाधीशासमोर कागद वाचून दाखवणारा माणूस. तीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं खणखणीत आवाजात वाचल्यावर असा माणूस निवृत्त झाला म्हणून गप्प थोडाच बसणार! साधी लग्नपत्रिका आली तरी काका अंगणात उभे राहून ती पहिल्या ओळीपासून 'कृपया आहेर आणू नये'पर्यंत अशी वाचायचे, की नवरा-नवरी दोघंही आरोपी वाटावेत.

पण वाचनावर भागलं असतं तर काय हवं होतं. काकांना खरा नाद होता पंचनाम्याचा. मांजरानं दूध सांडलं, कर पंचनामा. नळाची तोटी चोरीला गेली, कर पंचनामा. काकूंच्या हातून लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा काचा उचलायच्या आधी काकांनी त्या मोजल्या. काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मी मेले तर आधी पंचनामा करतील, मग रडतील."

ह्या कारभारात आमच्या घराला दोन मानाची पदं होती. माझं अक्षर चांगलं, त्यात मी शाळेत मास्तरीण, म्हणून लिहून घ्यायचं काम माझं. काका मला नावानं कधी हाक मारायचेच नाहीत, मुन्शी म्हणायचे. आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ते कायमचे पंच नंबर एक. अण्णा सरकारी कचेरीत कारकून. समोर कागद आला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडं जायचा. भाडेकरूनं घरमालकाला नाही तरी कसं म्हणायचं? अकरा वर्षं ते सह्या करत राहिले, आणि काका ते कागद लाल फडक्याच्या बस्त्यात बांधून माळ्यावर ठेवत राहिले.

तर मोटरसायकल. क्रांती चौकात एका टायरवाल्याच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली ती दोन महिने उभी होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कंपनीचा त्यात काडीचा दोष नव्हता. सीट फाटलेली, आणि त्या फाटक्या सीटवर एक कोंबडी रोज बसायची. काका रोज सायकलवरून तिथून जायचे आणि रोज घरी येऊन जेवताना हळहळायचे. एक दिवस बघतो तर काका पुढं, मागं हातगाडा, आणि हातगाड्यावर आडवी टाकलेली ती मोटरसायकल! आमचं सगळं बिऱ्हाड अंगणात.

"काका, तुम्हाला चालवता येते?" मी विचारलं.

"नाय."

"मग शिकणार आहात का?"

"ह्या वयात? नाय."

"मग आणली कशाला?"

"हालत देखवत नव्हती हिची," काका म्हणाले आणि काकूंची नजर चुकवत आत गेले.

शहागंजातला एक म्हातारा मिस्त्री बोलावला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, एकदा हात लावला आणि तो हात पायजम्याला पुसला. "साहब, इसको बनाना नक्को. इसकू मिट्टी देना." काका म्हणाले, "वो बाद में. पहले पंचनामा होगा."

आणि झाला. मी जमिनीवर बसले, काका खाटेवर. मिस्त्री एकेक भाग सोडवून वर धरायचा, काका निरखायचे आणि सांगायचे. मजकूर अजून मला तोंडपाठ आहे. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर मोटरसायकलीच्या हवेच्या जाळीची जागा उघडली असता तेथे जाळी आढळून आली नाही. जाळीच्या जागी सरकीसकट कापूस कोंबलेला आढळला. पेट्रोलच्या टाकीस झाकण नसून, दाणे काढलेले मक्याचे कणीस चिंधी गुंडाळून ठोकलेले आढळले. पायाचा ब्रेक सुतळीने बांधलेला असून सुतळीस सात गाठी आहेत. इंजिनातील तेल काढू पाहता ते वाहिले नाही, बोटाने ओढून काढावे लागले.' असं दीड पान.

खरं म्हणजे पंचनाम्यात काय दिसलं तेवढंच लिहायचं असतं, मत द्यायचं नसतं. हे मला काकांनीच शिकवलं होतं. पण त्या दिवशी सुतळीच्या गाठी मोजता मोजता काकांचं डोकं फिरलं. ते खाटेवरून उठले आणि कोर्टात उभे राहायचे तसे उभे राहून सांगायला लागले. "लिही मुन्शी. सबब आम्हा पंचांची खात्री झाली की, सदर वाहनाचा पूर्वीचा मालक हा बेफिकीर, आळशी व बेमुरव्वत इसम असून, त्याच्या ताब्यात कोणतीही जिवंत अगर निर्जीव चीज देणे धोक्याचे आहे."

मी लिहिलं. पंच नंबर दोन म्हणून समोरच्या शिंप्यानं सही केली. अण्णा संध्याकाळी कचेरीतून आले, चपला काढता काढता त्यांनी सही ठोकली आणि चहा मागितला. मग काकांनी गाडीच्या पुस्तकातून मालकाचं नाव-पत्ता काढला. सिल्लोडचा मुलगा होता. माझ्याच हातानं एक नक्कल करवून घेतली, तिच्यावरही दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या, आणि खाली 'जबानी देण्यास हजर राहावे' असं लिहून रजिस्टर पोस्टानं रवाना केली. महिना गेला, दोन गेले, उत्तर नाही. "फरार," काका म्हणाले.

पुढचे पाच महिने आमच्या अंगणाचा कारखाना झाला. काकांनी काकूंची पुरणपोळीची मोठी परात घेतली, तीत घासलेट ओतलं आणि साखळी भिजत घातली. काकूंनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही. तिसऱ्या दिवशी काका नवी परात घेऊन आले तेव्हा कुठं चूल पेटली. चिंच आणि राख घेऊन काका तासन् तास हँडल घासायचे. मधेच थांबून चाकाला म्हणायचे, "कमबख्तानं काय हाल केले ग तुझे." मिस्त्री आधी त्यांना वेडा समजायचा. पुढं पुढं तोही गाडीशी बोलायला लागला.

ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले. काकांना मागं बसवून मिस्त्रीनं ती जालना रोडनं करमाडपर्यंत नेऊन आणली. काका सगळ्या वाटेवर मागं बसल्या बसल्या डावीकडं-उजवीकडं हात दाखवत होते. मिस्त्री सांगत होता, "साहब हात उधर दिखाते, मैं इधर जाता, ट्रकवाले हमको गाली देते." त्यानंतर गाडी कुठंही गेली नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन काका स्टुलावर बसायचे, मिस्त्रीनं शिकवली तशी किक मारायचे, पाच मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि बंद करून वर चादर घालायचे.

आणि इकडं माझं लग्न जमत नव्हतं. सव्वीस पूर्ण झाली होती. त्या काळात सव्वीस म्हणजे आई देवळात गेली की बायका मुद्दाम विचारायच्या. चार जण बघून गेले होते. एकानं मला चालून दाखवायला लावलं, एकाच्या आईनं माझी वेणी ओढून बघितली, खरी आहे का ते. मला वाटायचं, सांगावं ह्यांना, थांबा, कागद आणते, रीतसर पंचनामाच करून टाका. पण आईचं तोंड बघून गप्प बसायचे. आई त्या वर्षी निम्मी झाली होती. रात्रंदिवस एकच जप, ह्या खेपेला होऊ दे बाई.

अशात मावशीनं सिल्लोडचं स्थळ आणलं. घरची शेती, कापसाचा व्यापार, मुलगा इथंच चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, माणसं चांगली. आईनं टिपणावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. ते नाव मी माझ्या हातानं दोनदा लिहिलं होतं.

सांगावं का? अण्णांना पत्ता नव्हता, त्यांनी कागद वाचलाच नव्हता. सांगितलं तर आई तिथंच आडवी होणार. आणि खरं सांगू? मला तो माणूस बघायचा होता. पेट्रोलच्या टाकीत मक्याचं कणीस ठोकणारा माणूस असतो तरी कसा? सिल्लोडच्या माणसांच्या काय आमचा पत्ता लक्षात राहिला असेल, असं म्हणून मी माझी समजूत घातली.

भीती होती ती काकांची. नाव कळलं असतं तर ते बस्ता घेऊनच दारात उभे राहिले असते. आठवडाभर रोज विचारायचे, "मुन्शी, मुलाचं नाव काय ग?"

"अजून ठरायचंय काका."

"मुलाचं नाव ठरायचंय?"

"नाही हो, बघायचं ठरायचंय!"

शेवटी काकूंना विश्वासात घेतलं. काकू पोट धरधरून हसल्या आणि रविवारी सकाळी त्यांनी काकांना कसला तरी वायसर आणायला शहागंजात पिटाळलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि माझी मावशी. मी पोह्यांचा ट्रे घेऊन दाराशी पोचले तोवर मुलाच्या वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला होता. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"पाव्हणं, ही सही तुमचीच ना?"

अण्णांनी चष्मा लावला. "व्हय, माझीच."

"मंग वाचा जरा वरचं."

अण्णांनी तो पंचनामा आयुष्यात पहिल्यांदा वाचला. शेवटच्या ओळीला आले आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"आमच्या पोराच्या ताब्यात जिवंत चीज देऊ नये असं लिहून देता, अन् आता पोरगी दाखवता. आम्ही समजायचं काय? माझ्याजवळ चष्मा नव्हता, म्या कागद मुनीमाला दिला, त्यानं भर दुकानात मोठ्यानं वाचला. साऱ्या सिल्लोडच्या बाजारात झालं आमचं नाव! मी येणार नव्हतो. हाच म्हणला, जायचंच."

"मी... मी ते वाचलं नव्हतं हो," अण्णा म्हणाले.

"न वाचता सही? सरकारी नोकरीत हाय ना तुम्ही?"

"म्हणूनच," अण्णा कसेबसे म्हणाले.

नेमके त्याच वेळी पेशकारकाका वायसर घेऊन दारात. अण्णांना देव भेटल्यासारखं झालं. "काका, सांगा ह्यांना! ते सगळं गमतीत लिहिलं होतं म्हणून सांगा. फाडून टाका तो कागद."

काकांनी कागद बघितला, पाहुण्यांकडं बघितलं, सगळं ध्यानात आलं. पण ते पाहुण्यांशी बोललेच नाहीत. अण्णांकडं वळले. "न वाचता सही केलीत, अण्णा?"

"अहो, म्हणजे..."

"अकरा वर्षं? मांजराचा?"

"मांजराचापण," अण्णा खाली बघून म्हणाले.

काका उंबऱ्यावरच बसले. मला इतकं वाईट वाटलं त्यांचं. माळ्यावरचा तो लाल बस्ता, सगळे रद्दीचे कागद ठरले एका क्षणात. आईचा दाराआड हुंदका ऐकू आला. पाहुणे चपला शोधायला लागले. संपलं, मी म्हटलं, पाचवं स्थळही गेलं.

तेवढ्यात तो मुलगा बोलला. "काका, मला जबानी द्यायला बोलावलं होतं. उशीर झाला. आज घ्याल का?"

काकांनी मान वर केली. हळूहळू त्यांच्या अंगात जीव आला. "मुन्शी, कागद घे."

मी पोह्यांचा ट्रे खाली ठेवला आणि नव्या साडीत, आईच्या पाटल्या घालून, जमिनीवर बसून लिहायला लागले. मावशी तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"जाळीच्या जागी कापूस कोणी कोंबला?"

"मी."

"सरकीसकट?"

"सरकी काढायचा कंटाळा केला."

"टाकीला कणीस?"

"मीच. झाकण अजिंठ्याच्या घाटात पडलं. थांबलो असतो तर सापडलं असतं. नाही थांबलो."

"ब्रेकला सुतळी?"

मुलगा वडिलांकडं बघायला लागला. वडील आढ्याकडं. मग एकदम म्हणाले, "ती म्या बांधली व्हती. लई मजबूत सुतळी. काय वाईट होती?"

"ब्रेक लागत नव्हता," काका म्हणाले.

"पण निसटत तरी नव्हता ना?"

काकांनी ते मला लिहू दिलं नाही. मुलाकडं रोखून बघत त्यांनी शेवटचा सवाल टाकला. "लोक जुनी गाडी विकताना रंग मारतात, सगळं झाकतात. तू तशीच विकलीस. का?"

"रंग मारायचाही कंटाळा केला," तो म्हणाला. "आणि झाकून काय करायचं? चूक माझी होती, घेणाऱ्याला दिसू दे की."

मी हसले. मोठ्यानं हसले, कागदावर शाई सांडेपर्यंत. आधीचे चौघं जण आठवले. कोणाला सुपारीचं व्यसन नव्हतं, कोणाला राग म्हणून येत नव्हता, सगळे कसे अगदी निर्मळ. आपलं चुकलं असं एकानंही म्हटलं नव्हतं. हा पहिलाच. मला तो तिथंच आवडला, उगीच कशाला लपवू.

वडीलही निवळले. उठून अंगणात गेले. काकांनी चादर ओढली, किक मारली. म्हातारा नुसता बघत राहिला. हँडलमध्ये त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं.

"ही आमची?"

"तुमची होती," काका म्हणाले.

पाहुणे अण्णांकडं वळले. "पाव्हणं, मागचं सोडलं. पोरगी पसंत हाय. हुंडा नको, मानपान नको. फक्त ही गाडी पोरासंगं परत द्या. ही आमच्या दारात उभी दिसली की सिल्लोडात त्या कागदाचं कोणी नाव काढणार नाय. नाही तर मला तोंड दाखवता येत नाय."

"घ्या की! आजच न्या!" अण्णा आनंदानं ओरडले.

"अण्णा, गाडी माझी आहे," काका म्हणाले.

मग जे सुरू झालं! अण्णांनी हात जोडले. आई, जी काकांसमोर कधी डोकं उघडं ठेवत नसे, ती बाहेर येऊन पाया पडायला लागली. काकू म्हणाल्या, "अहो, पोरीच्या जन्माचा सवाल आहे, द्या ते लोखंड." काका हँडल धरून उभे. डोळे भरले होते, पण हात सुटत नव्हता.

"मुलगी द्या," ते म्हणाले. "खुशाल द्या. मुलगा सच्चा आहे, मी स्वतः अक्षता टाकीन. गाडी देणार नाय."

"म्हंजे?" पाहुणे भडकले. "पोरीपरीस गाडी मोठी का?"

"तसं नाय साहेब. मुलीला तोंड आहे. तेलपाणी चुकलं तर ही सांगेल. सुतळीनं बांधायला गेलात तर सातवी गाठ मारायच्या आत ही घर डोक्यावर घेईल. हिची मला काळजी नाय. ही गाडी मुकी आहे. पाच वर्षं उपाशी ठेवली तुम्ही हिला, एक शब्द बोलली नाय बिचारी." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "का ग मुन्शी? आहे का नाय तोंड?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चार वेळा मला दाखवली होती, चारही वेळा मी नाव, शिक्षण आणि 'स्वयंपाक येतो' एवढंच बोलले होते. आई डोळ्यांनी खुणावत होती, गप्प बस म्हणून. पण काकांनी इतक्या लोकांत माझी हमी घेतली होती.

"मामा," मी पाहुण्यांना म्हटलं, "गाडी मिळणार नाही. मी येते. चालत असेल तर सांगा, नाही तर पोहे खाऊन जा."

आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मुलगा खाली मान घालून हसत होता, त्याचे खांदे हलत होते. म्हाताऱ्यानं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग अंगणातल्या खाटेवर टेकला.

"तोंड हाय, बरं का," तो लेकाला म्हणाला. "लई हाय. आणा पोहे."

लग्न झालं. नवरा अजून तसाच आहे. पंखा बंद करत नाही, गॅसचा नंबर लावत नाही, विचारलं की म्हणतो, "कंटाळा केला." खोटं मात्र बोलत नाही. सासऱ्यांनी सिल्लोडात काय सांगून वेळ मारून नेली ते मी कधी विचारलं नाही.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी आले. काका स्टुलावर बसून इंजिन ऐकत होते. मला बघून त्यांनी ते बंद केलं, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "काय मुन्शी, तेलपाणी वेळच्या वेळी होतंय ना?"

ते गाडीचं विचारत नव्हते. माझ्या जन्मदात्या बापानं मला हे कधी विचारलं नव्हतं, आईलाही धीर झाला नव्हता.

"होतंय काका. नाही झालं तर बोलते मी."

"हळू बोलतेस का मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"शाब्बास," काका म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा किक मारली.